अर्धा वाटा, तोही कागदावर

इस्लामने बाईला मालमत्तेत वाटा दिला तेव्हा युरोपात बाईला आत्मा असतो की नाही यावर वाद चालला होता, हे वाक्य मी इज्तेम्यात ऐकलंय, निकाहच्या वेळच्या बयानात ऐकलंय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर ते दर महिला दिनाला येतंच. त्यातला युरोपचा भाग दंतकथा आहे. पहिला भाग मात्र खरा आहे, आणि म्हणूनच मला त्या वाक्याचा राग येतो.

खरा म्हणजे अगदी लेखी खरा. कुरआनच्या चौथ्या सूरहचं नावच ‘निसा’, म्हणजे स्त्रिया. आईबाप आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवतील त्यात पुरुषांसारखाच स्त्रियांचाही वाटा आहे, मग मालमत्ता थोडी असो की फार, असं तिची सातवी आयत सांगते. अकराव्या-बाराव्या आयतीत तर थेट अपूर्णांक आहेत. मुलीच्या दुप्पट मुलाला. मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल तर तिला निम्मं, जास्त मुली असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. मुलंबाळं असलेल्या नवऱ्यामागे बायकोला एक अष्टमांश. धर्मग्रंथात इतका रोखठोक हिशोब फार ठिकाणी सापडत नाही. अल-ख्वारिझ्मी, ज्याच्या नावावरून आमच्या धंद्यातला ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग याच वाटण्यांच्या गणितांनी भरलेला आहे.

माझे आजोबा वारले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तासगाव तालुक्यात आमची पाच एकर जमीन, त्यातल्या निम्म्यात द्राक्षबाग. दादी आधीच गेली होती. वारस तीन: अब्बा, चाचा आणि फुफू, म्हणजे माझी आत्या. हा हिशोब बोटांवर होतो. दोन, दोन आणि एक. पाच एकरांतला एक एकर फुफूचा.

चाळिसावा झाला आणि पुढच्या आठवड्यात फुफूने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. चाचा फक्त एवढंच म्हणाले, “माहेर तुझंच आहे गं, कागदाचं काय.” सही केली नाही तर माहेर कुणाचं राहील, हे सांगायची गरज नव्हती. वारसनोंदीने सात-बाऱ्यावर जेमतेम चढलेलं तिचं नाव फेरफाराने उतरलं. चाचा पाच वक्तांचे नमाजी, हज करून आलेले. अब्बा व्याजाला इतके घाबरतात की माझ्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्यायला ते तयार नव्हते. शेवटच्या दोन वर्षांची फी बागेच्या उत्पन्नातून भरली गेली. म्हणजे त्या फीत फुफूचाही हिस्सा होता. पुढे जे लिहिते आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

व्याजाबद्दल कुरआनात कडक इशारा आहे, मान्य. पण वाटणीच्या आयतींच्या पाठोपाठ, त्याच सूरहच्या चौदाव्या आयतीत, या मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद आहे. व्याज खाल्लं म्हणून मोहल्ल्यात माणसाकडे वाकड्या नजरेने बघतात. बहिणीचा वाटा खाल्ला म्हणून कुणाकडे तसं बघितलेलं मी अजून पाहिलेलं नाही. जुम्म्याच्या खुत्ब्यात पडद्यावर किती बोललं जातं आणि बहिणीच्या वाट्यावर किती, हे वाचकांनी आपापल्या मशिदीत मोजून बघावं.

माझं म्हणणं सरळ आहे. ग्रंथ बाईला काही देतो तेव्हा आमच्या पुरुषांना रिवाज आठवतो, आणि कायदा बाईला काही देतो तेव्हा ग्रंथ आठवतो. हे काल-परवाचं नाही.

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन घरांतल्या स्त्रियांचे दावे उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आम्ही मुसलमान आहोत, कुरआनाने ठरवलेला वाटा आम्हाला द्या. समोरच्या पुरुषांचं म्हणणं, आमच्या जातीचा रिवाज वेगळा आहे, आमच्यात मुलींना वारसा नसतो, हिंदूंसारखं चालतं. सरन्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी रिवाज उचलून धरला. बायका कुरआन घेऊन कोर्टात आल्या आणि मुसलमान पुरुषांनी तो बाजूला ठेवायला लावला, हा इतिहास ‘चौदाशे वर्षांपूर्वी’वाल्या बयानांत कधी येत नाही.

पुढे १९३७ चा शरियत कायदा आला. रिवाज बाजूला सारून वारसा, निकाह, तलाक, मेहर यांना शरियत लावायची हा त्याचा हेतू, आणि त्याच्या उद्देशपत्रात मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी तशी मागणी केल्याचा उल्लेख आहे. मात्र त्याच्या दुसऱ्या कलमात एक अपवाद घालून ठेवला: शेतजमीन सोडून. शेतजमीन हा १९३५ च्या कायद्याने प्रांतांचा विषय होता, हे तांत्रिक कारण खरंच आहे. पण ज्या देशात मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीन, तिथे जमीन वगळून बाईला वारसा देणं म्हणजे ताट वाढून भात काढून घेणं. प्रांतांच्या हातात होतं तर त्यांनी करायचं होतं. मद्रासने १९४९ मध्ये हा अपवाद काढला, केरळने १९६३ मध्ये. उत्तर प्रदेशात मात्र जमीनदारी निर्मूलनानंतरच्या वारसा-क्रमात मुलगे पुढे आणि मुली खूप मागे राहिल्या, हिंदू असोत की मुसलमान. त्या वेळी शरियत धोक्यात आल्याची हाक देत कुणी लाखांचे मोर्चे काढल्याचं मला वाचायला मिळालेलं नाही.

मोर्चे निघाले ते १९८५ नंतर. इंदूरच्या शाहबानोला त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं. नवरा वकील. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे. त्या रकमेसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ एप्रिल १९८५ च्या निकालात न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने कुरआनच्या दुसऱ्या सूरहमधल्या २४१ व्या आयतीचाही आधार घेतला. तलाक दिलेल्या स्त्रीला रीतसर तजवीज द्यावी, ते परहेजगारांचं कर्तव्य आहे, असा तिचा आशय. यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचा एक युक्तिवाद असा होता की हा आदेश विशेष ईश्वरभीरू लोकांसाठी आहे, सरसकट मुसलमानांसाठी नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पडदा सरसकट सगळ्यांसाठी आणि पोटगी फक्त फार धार्मिक असलेल्यांसाठी!

आता अर्ध्या वाट्याकडे येते, कारण इथे आमच्याकडचे शिकलेले लोक सर्वात हुशारीने बोलतात. त्यांचं म्हणणं असं की मुलीला अर्धा असला तरी तिच्यावर खर्चाची जबाबदारी शून्य आहे. तिला मेहर मिळतो, नवरा पोसतो, नवरा नसेल तर बाप, बाप नसेल तर भाऊ. पुरुषाच्या दुप्पट वाट्यावर दुप्पट बोजा आहे, तेव्हा हिशोब बरोबर बसतो.

कागदावर बसतो. फुफूचा मेहर सातशे शहाऐंशी रुपये ठरला होता, तो आजवर दिलेला नाही. फुफांच्या मयतीच्या वेळी जमलेल्या बायकांनी तिच्याकडून ‘माफ केला’ म्हणवून घेतला. उलट तिच्या लग्नात स्कूटर आमच्याकडून गेली. विधवा झाल्यावर ती मिरजेत ब्लाऊज शिवून दोन मुलं वाढवते आहे. फिकहनुसार गरजू बहिणीचा खर्च भावांवर येतो. भाऊ ईदला ईदी देतात आणि हंगामात द्राक्षांची एक पेटी पाठवतात. म्हणजे जमाखर्चाच्या वहीत पुरुषाच्या नावावरची जमा तेवढी अमलात आली, खर्चाची बाजू कोरी. ज्या जबाबदारीच्या नावावर दुप्पट वाटा घेतला ती जबाबदारीच उचलायची नसेल, तर दुप्पट वाट्याचं समर्थन कशाच्या जोरावर करायचं?

यावर शेवटचं उत्तर ठरलेलं असतं: कुरआनाचं एक अक्षर बदलता येत नाही.

अक्षर बदलायला कुणी सांगितलंय? पण अमलाचं काय झालं ते बघू. समजा एक माणूस वारला आणि मागे बायको, दोन मुली, आई आणि वडील आहेत. बायकोला एक अष्टमांश, मुलींना दोन तृतीयांश, आई आणि वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश. बेरीज करा. छेद चोवीस धरला तर तीन, सोळा, चार आणि चार, म्हणजे सत्तावीस. चोवीसात सत्तावीस बसत नाहीत. इस्लामचे टीकाकार हे उदाहरण फार खुशीत सांगतात, देवाला बेरीज येत नाही म्हणून. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो यात की सुन्नी फकीहांनी यावर तोडगा काढला. त्याला ‘औल’ म्हणतात: छेदच सत्तावीस धरायचा आणि सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी करायचे. मग बायकोच्या अष्टमांशाचा नवमांश होतो. आयतीत नवमांश कुठेही नाही. औलची सुरुवात खलिफा उमर यांच्या काळातली सांगतात. इब्न अब्बास यांना तो मान्य नव्हता, शिया पंथाला आजही नाही. म्हणजे लिखित अपूर्णांक जगाशी जुळेना तेव्हा माणसांनी बसून विचार केला, मतभेद झाले आणि एक रीत पडली. दुसऱ्या कुणाचं लिखाण अमलात आणताना मी रोज हेच करते; फरक इतकाच की माझ्या कामाला कुणी दैवी म्हणत नाही.

हेच उमर, ज्यांनी जकातीच्या एका हक्कदार गटाचा वाटा बंद केला. नव्व्या सूरहच्या साठाव्या आयतीत त्या गटाचा स्पष्ट उल्लेख आहे: ज्यांची मनं वळवायची आहेत असे लोक. उमर यांचं म्हणणं असं सांगतात की इस्लाम आता बळकट झालाय, ती गरज संपली. कारण संपलं, अंमल थांबला. आयत तिथेच आहे, अक्षर जागचं हललेलं नाही.

आणि हिंदुस्थानातलं उदाहरण हवं असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा बघा. हनफी मतानुसार बाईला नवऱ्यापासून सुटायचे मार्ग जवळजवळ बंद होते. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिने थांबायचं. पंजाबात बायकांनी यावर उपाय शोधला. धर्म सोडला की निकाह तुटतो, म्हणून त्या धर्मच सोडू लागल्या. तेव्हा कुठे उलेमा जागे झाले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली, ती पुढे कायद्यात आली आणि बेपत्ता नवऱ्यासाठीची मुदत चार वर्षांवर आली. त्याच कायद्याने हेही ठरवलं की बाईने धर्म सोडला म्हणून आपोआप निकाह तुटणार नाही. दार उघडलं ते बायका पळून जाऊ लागल्या म्हणून, आणि उघडतानाच खिडकी बंद केली. तरी घ्या, उघडलं तर खरं. म्हणजे येतं. मनात असलं की सगळं येतं.

इथवर वाचून ज्यांना गुदगुल्या होत असतील त्यांच्यासाठीही थोडं. त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फुफूच्या पुढे रांगेत दोन बहिणी होत्या, हातात हिरव्या बांगड्या, त्यांचाही कागद हक्कसोडाचाच. महाराष्ट्राने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. कायद्यात त्यांना पूर्ण वाटा, आम्हाला अर्धा. सही करून बाहेर पडताना दोघींच्या हातात सारखंच. तिहेरी तलाकवर २०१७ मध्ये निकाल आला तो मुस्लिम बायकांनी लढून मिळवलेला, आणि मला त्याचा आनंद झाला होता. २०१९ च्या कायद्याने मात्र नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकायची सोय केली. बायकोला असंच टाकून देणारा बिगर-मुस्लिम नवरा त्यासाठी तुरुंगात जात नाही. ज्यांना ‘मुस्लिम बहिणीं’चा इतका कळवळा आहे त्यांनी कधी तिच्या सात-बाऱ्याची चौकशी केली आहे का?

पण दुसऱ्याचं बोट दाखवून मला माझं घर झाकायचं नाही. ग्रंथात असं काही आहे जे कितीही प्रेमाने वाचलं तरी माझ्या घशाखाली उतरत नाही. निसाचीच चौतिसावी आयत पुरुषांना स्त्रियांवर कव्वाम, म्हणजे कारभारी, ठरवते. तिने दिलेल्या कारणांपैकी एक म्हणजे ते आपल्या संपत्तीतून खर्च करतात. आमच्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, तेव्हा त्या कारणाचं काय करायचं ते मी बघेन. पण तीच आयत पुढे अवज्ञा करणाऱ्या बायकोला समजावणं, बिछान्यात वेगळं ठेवणं आणि मग मारणं अशा पायऱ्या सांगते. लालेह बख्तियार यांनी २००७ च्या आपल्या इंग्रजी अनुवादात त्या क्रियापदाचा अर्थ ‘दूर जा’ असा केला. असगर अली इंजिनिअर (ते खरोखरच इंजिनिअर होते, मुंबई महापालिकेत) आयुष्यभर अशा आयतींचा संदर्भ उलगडत राहिले. मला या माणसांबद्दल आदर आहे. पण मला पटते अमिना वदूद. त्यांनी आधी वर्षानुवर्षं शब्दार्थाची खटपट केली आणि २००६ च्या पुस्तकात सरळ लिहिलं की या ठिकाणी ग्रंथाला ‘नाही’ म्हणावं लागतं. मीही नाही म्हणते. आपले हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्या कायद्याच्या होत्या, तफसीरच्या नव्हत्या. सातच बायका होत्या म्हणून हसणारे तेव्हाही पुष्कळ होते.

तरीही मी ग्रंथ सोडून फक्त कायद्याचं बोलत नाही, कारण आमच्या घरात सध्या ग्रंथच टेबलावर आहे.

अब्बांना आम्ही दोघी मुली, मुलगा नाही. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांना एकाएकी हिशोब सुचला. त्यांच्या नावावर आता अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे. त्यांच्यामागे अम्मीला साडेबारा गुंठे, आम्हा दोघींना मिळून साधारण सदुसष्ट. उरले एकवीस. ते भावाबहिणीकडे जातात, दोनास एक: चाचांना चौदा, फुफूला सात. मृत्युपत्र करून हे टाळता येत नाही, कारण इतर वारसांच्या संमतीशिवाय वारसाला मृत्युपत्राने जास्त देता येत नाही, असं हनफी मत सांगतं. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुली. त्यांनी यावर तोड म्हणून २०२३ च्या महिला दिनी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं, म्हणजे भारतीय वारसा कायदा लागू होईल. अम्मीला हे सांगितलं तर ती लाजून स्वयंपाकघरात गेली.

गंमत अशी की वाटणीची आयत उतरली ती अगदी अशाच घरासाठी, असं हदीस सांगते. इ.स. ६२५ च्या उहुदच्या लढाईत साद इब्न रबी मारले गेले. मागे बायको, दोन मुली आणि भाऊ. भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि तक्रार केली: यांच्या चाचाने यांच्यासाठी काहीच ठेवलं नाही, आता यांची लग्नं कशी व्हायची. मग आयत आली आणि चाचाला बोलावून सांगण्यात आलं: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला अष्टमांश दे, उरेल ते तुझं. त्या दिवशी तो चाचा सगळं बळकावून बसला होता आणि त्याच्या हातात चोवीसातले पाच उरले. आज आमच्या चाचांना आणि फुफूला मिळून तेच पाच हक्क म्हणून मिळणार आहेत. आकडा तोच, फक्त तेव्हा तो एका बाईच्या तक्रारीला दिलेला जवाब होता, आणि आज तक्रार ऐकायलाच कुणी बसलेलं नाही.

मला काय हवंय ते सांगते. मुस्लिम माणसाला मृत्युपत्राने मुलीला हवं तेवढं देता यावं. ज्याला नको त्याने करू नये. आणि कुठल्याही धर्माच्या बहिणीचं हक्कसोडपत्र बापाच्या मृत्यूनंतर निदान तीन वर्षं नोंदवूच नये. चाळिसाव्याच्या आठवड्यात घेतलेली सही ही सही नव्हे.

अब्बांनी मौलानांना विचारलं. मौलानांनी पाच मिनिटांत मार्ग सांगितला: हिबा करा. जिवंतपणी दान दिलं, कब्जा दिला की संपलं. मग चाचांच्या चौदा गुंठ्यांचा प्रश्नच येत नाही. अल्लाहने ठरवलेला वाटा डावलला जातोय का, हे त्यांनी विचारलं नाही आणि अब्बांनाही सुचलं नाही. हिबानाम्याचा मसुदाही तयार झाला. मी कागदावर दोन्ही हिशोब मांडून अब्बांपुढे ठेवले. या शंभर गुंठ्यांतले वीस मुळात फुफूचे, आणि हिबा झाला की तिचे ते सातही जातात. म्हटलं, “अब्बा, आधी तिचे वीस परत तिच्या नावावर करा, मग मी हिबा कबूल करते.” अब्बांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, वीस माझ्याकडे आहेत, वीस त्याच्याकडे, एकट्याने कसं करू, चाचाशी बोलावं लागेल.

तेव्हा बागेतला माल उतरत होता. आता ऑक्टोबरची छाटणीही झाली आहे. चाचांशी बोलणं अजून झालेलं नाही.